गेलेल्या गाडीचं घड्याळ

आमच्या स्टेशनातलं घड्याळ
पुढची गाडी कधी येईल ते सांगत नाही.
मागची जाऊन किती वेळ झाला, तेवढंच मोजतं:
एक चाळीस, एक एक्केचाळीस, एक बेचाळीस...
तिबिलिसीत नवा आलेला माणूस वैतागतो.
आम्ही मनातल्या मनात वजाबाकी करतो.

माझं औषधाचं दुकान सरकत्या जिन्याच्या वरच्या तोंडाशी.
खालून वारा येतो, रबराचा आणि ओल्या लोकरीचा वास घेऊन,
आणि माझ्या पावत्या उडवून नेतो.
जिना इतका खोल, की उतरता उतरता
एखादं भांडण सुरू होऊन मिटतंसुद्धा.
पोरं पायरीवर बसकण मारून पाढे उरकतात.
कानात पिवळा बिल्ला असलेला एक कुत्रा
रोज सकाळी खाली जातो, संध्याकाळी वर येतो.
कुठल्या कामाला, त्याचं त्याला माहीत.

पायथ्याशी काचेची खोली,
तिच्यात नाझिब्रोला. सव्वीस वर्षं.
काम एवढंच: जिन्याकडे बघत राहायचं,
कोणी धडपडलं तर लाल बटण दाबायचं.
बटण तिने दाबलं असेल तीनदा,
त्यातलं एकदा एका नवरीच्या झग्यासाठी.
बाकीचा वेळ ती किल्ल्या सांभाळायची.

सुरुवात इर्माने केली.
"झुरा शाळेतून येईल, त्याला दे."
मग कोणी प्लंबरसाठी ठेवली, कोणी भाडेकरूसाठी,
एकीने, बोलणं बंद असलेल्या नवऱ्यासाठी.
खिळे ठोकलेली एक फळी,
प्रत्येक किल्लीला लोकरीचा धागा, नाव कुठेच नाही.
कुठला रंग कुणाचा, ते तिच्या डोक्यात.
किल्ल्यांमागोमाग मत्सोनीच्या बरण्या आल्या,
शिवायला टाकलेले कोट,
माझ्याकडून जाणाऱ्या डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या.
थंडीत तिच्या हीटरवर
हरवलेले हातमोजे वाळत असायचे, एकेकटे.

गेल्या मार्चात नोटीस लागली.
खोली जाणार, कॅमेरा येणार.
आम्ही सह्या गोळा केल्या, दोनशे अकरा.
साहेबांनी चहा पाजला
आणि कागद ठेवून घेतला.

शेवटच्या आठवड्यात ती किल्ल्या परत करत बसली.
माणसं हात पुढे करायची ती ओशाळून,
उधारी चुकवायला आल्यासारखी.
बाद्रीने तर कुलूप कधीच बदललेलं,
तरी घेतली. खिशात टाकली. दोनदा चाचपली.

उरल्या चार.
जांभळ्या धाग्याची इर्माची.
इर्मा दोन महिन्यांसाठी म्हणून इटलीला गेली,
बारी नावाच्या गावी, कोणाच्या तरी म्हाताऱ्या आईला
न्हाऊ घालायला, भरवायला.
आणखी एक वर्ष, आणखी एक, करता करता अकरा.
झुराच्या मिशा फुटल्या त्या खालच्या बाकावर.
आता तो पोलंडात ट्रक चालवतो.
फलाटावरच्या घड्याळाला
नऊ मिनिटं एकोणसाठ सेकंदांच्या पुढे
मोजताच येत नाही.

शनिवारी नाझिब्रोला वर आली.
दिवसाच्या उजेडात मला ती बुटकी वाटली.
साखरेचा डबा काउंटरवर ठेवला, थर्मामीटरांच्या शेजारी,
आत चार किल्ल्या.
"तुझं दुकान नऊपर्यंत उघडं असतं ना?"
एवढंच. आणि आल्यासारखं
गुडघ्याचं मलम घेऊन गेली.
पैसे मी घेतले. नाही म्हटलं असतं
तर पुन्हा आली नसती.

आता कॅमेरा बघतो.
जिना चालू आहे, कुत्रा वेळेवर आहे.
काल घाईतली एक मुलगी आत आली,
मी तिला ओळखतही नाही,
किल्ली पुढे केली: "तुम्ही ठेवता ना?
आणि धागा?"

धागा माझ्याकडे कुठला.
बँडेजची पट्टी होती.
तीच फाडून बांधली.